उडता कंदील

दिवाळीत आपण दाराशी टांगतो तो आकाशकंदील जागचा हलत नाही. ज्याविषयी मी आज बोलणार आहे तो उडता कंदील त्याचा नामबंधू खरा, पण वृत्तीने अगदी निराळा. पातळ कागदाची पिशवी, तळाशी बांबूचे किंवा तारेचे कडे आणि त्यात मेणात भिजविलेला बोळा, एवढाच त्याचा संसार. बोळा पेटला की आतील हवा तापून हलकी होते व कंदील वर चढतो. ज्योत विझल्यावर तो निमूटपणे खाली येतो, अशी समजूत आहे. परंतु वाऱ्याने तो कलंडला तर जळतच उतरतो. आणि कोठे उतरावे हे सोडणाऱ्याच्या हाती मुळीच नसते.

इंग्लंडात स्मेथिक येथे २०१३ च्या जूनअखेरीस असा एकच कंदील टाकाऊ प्लॅस्टिकच्या साठ्यावर पडला आणि सुमारे १ लाख टन माल पेटला. जर्मनीतील क्रेफेल्ड येथे २०२० च्या नववर्षरात्री प्राणिसंग्रहालयातील वानरगृह भस्मसात झाले. ओरांगउटान व गोरिलांसह तीसहून अधिक प्राणी बंदिस्त जागीच दगावले. त्या प्रांतात हे कंदील उडविण्यास २००९ पासूनच बंदी होती!

आग न लावता उतरलेला कंदीलही निरुपद्रवी नव्हे. त्याची तार गवतात दडते, चारा कापताना तिचे बारीक तुकडे होतात आणि ते गुरांच्या पोटात जाऊन आतडी फाडतात. तारेऐवजी बांबू वापरला तर हा धोका घटतो, पण ज्योत तीच राहते. मुंबईत पोलिसांनी दिवाळीच्या सुमारास मनाईहुकूम काढले आहेत ते या ज्योतीपायीच.