मोटारीच्या हेडलाइटची सुधारणा
मोटारीच्या हेडलाइटची सुधारणा म्हणजे वाहनाच्या पुढील दिव्यांचा प्रकाश वाढवण्यासाठी केलेले बदल होत. यातील काही बदल घरीही करता येतात.

पार्श्वभूमी
नांदेड आणि लातूर ही शहरे राष्ट्रीय महामार्ग ३६१ ने जोडलेली आहेत. ऊस गाळपाच्या हंगामात या भागात रात्रीही उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या चालतात. त्यांच्या मागे अनेकदा दिवे नसतात. समोरून येणाऱ्या झोताने चालकाचे डोळे दिपल्यास त्या दिसत नाहीत.

रचना
एच-४ हॅलोजन बल्बमध्ये ६० वॅटचा अपर व ५५ वॅटचा डिपर असे दोन तंतू असतात. रिफ्लेक्टरचा आकार तंतूंच्या नेमक्या जागेनुसार ठरवलेला असतो. त्यात एलईडी किंवा झेनॉन बल्ब बसवल्यास प्रकाश विखुरतो व समोरच्याचे डोळे दिपवतो.

सुरक्षित उपाय
* पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच पाणी व बारीक पॉलिश पेपरने घासून तिच्यावर अतिनील किरणरोधक लेप द्यावा.
* बॅटरीपासून जाड तार, रिले व फ्यूज जोडावा. विद्युतदाब १० टक्के घटल्यास हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्के कमी होतो.
* सपाट जागी भिंतीवर झोत पाडून त्याची उंची जुळवावी.
* हॅलोजन बल्बच्या काचेला बोटे लावू नयेत. तेलकट डागामुळे काच तडकू शकते.

कायदा
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दिव्यांचा झोत डोळे दिपवणारा नसावा.