बिशपला सांगितलेलं कुठवर जातं?

रविवारची उपासना संपली की सॉल्ट लेक सिटीच्या एखाद्या उपनगरातल्या मॉर्मन सभागृहात बिशपच्या छोट्या खोलीत भेटी सुरू होतात. आत टेबल, दोन-तीन खुर्च्या. भेटीची वेळ ठरवून देणारा सचिव वेगळा असतो. त्यामुळे कोण आलंय हे त्याला ठाऊक असतं आणि बाहेरच्या कॉरिडॉरमधून जाणाऱ्यांनाही दिसतं. का आलंय, हे मात्र आतल्या दोघांतच राहावं अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होते याबद्दल चर्चबाहेर जेवढे गैरसमज आहेत, तेवढेच चर्चच्या आतही आहेत. या खोलीत माणसं आयुष्यातली सर्वांत अवघड वाक्यं बोलतात, म्हणून ते निस्तरायला हवेत.

आधी नावाबद्दल एक खुलासा. १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथाचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ म्हणू नका, असा आग्रह चर्चनं २०१८ पासून धरला आहे. वाचकांना तेच नाव ओळखीचं असल्यामुळे इथे ते ठेवलं आहे.

‘हे कॅथलिक कन्फेशनसारखंच असणार’ हा पहिला आणि सर्वांत पसरलेला समज. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला तो सहज वाटेल, कारण पापनिवेदन म्हटलं की जाळीपलीकडचे फादर डोळ्यांसमोर येतात. त्या फादरांवर चर्चच्या कायद्याची मोहोर असते. ऐकलेलं पाप आणि पापी दोन्ही उघड करणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. मॉर्मन चर्चमध्ये पापनिवेदन हा संस्कार नाही. बिशप पापमुक्तीचे शब्द उच्चारत नाही. क्षमा देवाची, असंच मानलं जातं. बिशप ठरवतो ते एवढंच, की या व्यक्तीनं रविवारी भाकर आणि पाणी घ्यावं का, मंदिरात जावं का, चर्चमधली जबाबदारी सांभाळत राहावं का.

आणि हा बिशप म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुखही नव्हे. तो काहीशे माणसांच्या एका वॉर्डाचा प्रमुख असतो. पगार नाही, धर्मशास्त्राच्या विद्यालयातलं शिक्षण नाही, समुपदेशनाची पदवी नाही. आठवडाभर तो दाताचा डॉक्टर असतो, शिक्षक असतो, शेतकरी असतो. साधारण पाच वर्षांनी त्याची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. मतदारयादीत जसा पत्त्यावरून वॉर्ड ठरतो, तसाच इथेही ठरतो; आपल्याला पटेल तो बिशप निवडता येत नाही आणि अनोळखी राहून बोलायची सोय नसते. ज्याच्यासमोर तुम्ही व्यभिचाराची कबुली देता तो तुमच्या मुलाच्या वर्गमित्राचा बाप असू शकतो, आणि काही वर्षांनी तो पद सोडून पुढच्या बाकावर येऊन बसतो. गोपनीयता पाळण्याचं कर्तव्य पद सोडल्यावरही संपत नाही, असं चर्चची नियमपुस्तिका स्पष्ट सांगते. ते कर्तव्य निभावणं मात्र त्या एका माणसाच्या हाती आहे. माझ्या मते विश्वासाचा सगळा प्रश्न इथे अडतो. बहुतेक बिशप हे ओझं मनापासून वाहतात, पण ते वाहायला त्यांना पुरेसं शिकवलं जात नाही.

‘प्रत्येक पाप बिशपला सांगावं लागतं’ हेही खरं नाही. गंभीर पापं तेवढी बिशपकडे. रोजची रागालोभाची चूक देवापाशी आणि जिला दुखावलं त्या व्यक्तीपाशी कबूल केली की पुरे. मंदिरप्रवेशाच्या परवान्यासाठी होणारी मुलाखत ही वेगळी गोष्ट. त्यात ठरलेले प्रश्न आधी वॉर्डात आणि मग काही वॉर्ड मिळून होणाऱ्या ‘स्टेक’च्या पातळीवर विचारले जातात. हे प्रश्न २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी जाहीर सभेतच वाचून दाखवले. पंथाचा इतिहास पाहिला तर खासगीपणाची ही आजची चौकट तुलनेनं नवी आहे. १८५६-५७ साली युटातल्या ‘रिफॉर्मेशन’च्या लाटेत लोकांना प्रश्नावली घेऊन पापांची विचारणा होत असे, आणि मंडळीसमोर उभं राहून चूक कबूल करण्याची प्रथाही त्या काळात होती.

आता गोपनीयतेच्या नियमाबद्दल. ‘बिशप घरी जाऊन बायकोला सांगतोच’ असं काहींना वाटतं. ‘तो कुणालाही, कधीही सांगू शकत नाही’ असं इतरांना. नियमपुस्तिकेनुसार बिशपनं परवानगीशिवाय स्वतःच्या पत्नीलाही सांगायचं नाही आणि आपल्या दोन सल्लागारांनाही नाही. कुणी सांगितलं असेल तर त्यानं नियम मोडला. पण अपवाद आहेत, आणि निवेदन करणाऱ्याला ते बहुधा माहीत नसतात. बिशप स्टेक अध्यक्षाचा सल्ला घेऊ शकतो. कायद्यानं अत्याचाराची खबर देणं बंधनकारक असेल तिथे ती द्यावी लागते. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तोंड उघडता येतं. प्रकरण मिटण्याआधीच सदस्य दुसऱ्या वॉर्डात राहायला गेला तर नव्या बिशपला कळवता येतं.

सर्वांत मोठा अपवाद ‘सदस्यत्व परिषदे’चा. बहुतेक कबुल्या बिशपच्या खासगी समजुतीवर आणि तात्पुरत्या बंधनांवर मिटतात. खून, बलात्कार, मुलांवरचा किंवा जोडीदारावरचा अत्याचार अशा बाबतीत मात्र परिषद घ्यावीच लागते. वॉर्डाच्या परिषदेत बिशप, दोन सल्लागार आणि नोंद ठेवणारा कारकून असतो. मंदिरातले विधी झालेल्या व्यक्तीचं सदस्यत्व काढून घेण्याची शक्यता असेल तर परिषद स्टेकच्या पातळीवर जाते. पूर्वी त्या खोलीत पंधरा पुरुष बसत. २०२० पासून स्टेकच्या उच्च मंडळाचे बारा जण सहसा नसतात, स्टेक अध्यक्ष आणि त्याचे दोन सल्लागार असे तीनच उरतात. त्याच वर्षी ‘शिस्तभंग परिषद’ आणि ‘बहिष्कार’ हे शब्दही गेले, आणि एरवी फक्त पदाधिकाऱ्यांना मिळणारी ही नियमपुस्तिका सर्वांना वाचायला खुली झाली. परिषदेचा अहवाल मुख्यालयात जातो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासारख्या काही बाबतीत सदस्याच्या नोंदीवर शेरा येतो आणि माणूस कुठेही राहायला गेला तरी तो शेरा त्याच्या मागोमाग जातो. मुलांचा विचार करता ही तरतूद योग्यच आहे.

पण कायदा काय म्हणतो? ‘धर्मगुरूला सांगितलेलं कायदाही उघड करू शकत नाही’ हा समज सर्वांत धोक्याचा, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक म्हणजे न्यायालयात साक्ष न देण्याचा अधिकार. अमेरिकेत तो १८१३ च्या न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यापासून मान्य होत आला. कॅथलिक धर्मगुरू अँथनी कोलमन यांनी चोरीचा माल कुणी परत केला हे सांगायला नकार दिला, आणि न्यायालयानं तो मानला. युटाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये ‘स्कॉट विरुद्ध हॅमक’ या खटल्यात हे संरक्षण आणखी रुंद केलं: धार्मिक मार्गदर्शनासाठी विश्वासानं बोललेलं असेल, तर ते औपचारिक पापनिवेदन नसलं तरी चालेल. दुसरी गोष्ट म्हणजे मुलावर अत्याचार होतोय हे कळल्यावर पोलिसांना किंवा बालसंरक्षण विभागाला खबर देण्याचं बंधन. अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी धर्मगुरूंना पापनिवेदनापुरती या बंधनातून काही ना काही सूट दिली आहे. सूट आहे म्हणजे सांगण्याची सक्ती नाही. सांगायला बंदी आहे असा अर्थ त्यातून निघत नाही.

याच फरकावर एका लहान मुलीचं आयुष्य अवलंबून होतं. ॲरिझोनातल्या बिस्बी इथे एका बापानं आपल्या मुलीवर अत्याचार करत असल्याची कबुली बिशपला दिली. बिशपनं चर्चच्या हेल्पलाइनला फोन केला. बिशप आणि स्टेक अध्यक्षांसाठीची ही हेल्पलाइन १९९५ पासून चालते आणि तिथून प्रकरण चर्चच्या वकिलांपर्यंत जाते. खबर देऊ नका असा सल्ला मिळाला, असं त्या बिशपनं पुढे तपास अधिकाऱ्यांना सांगितलं. अत्याचार पुढे सात वर्षं चालू राहिले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, चर्चनं त्या बापाला बहिष्कृतही केलं, पण पोलिसांपर्यंत कुणी गेलं नाही. त्याला अटक झाली २०१७ मध्ये. असोसिएटेड प्रेसनं ऑगस्ट २०२२ मध्ये हे सगळं उघडकीला आणलं. बातमीनं हेल्पलाइनचं चुकीचं चित्र रंगवलं, मुलांचं रक्षण हाच तिचा हेतू आहे, असं चर्चचं उत्तर होतं. मुलांच्या वतीनं झालेल्या दाव्यात ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये कबुलीबाबतची माहिती रोखून धरण्याचा चर्चचा अधिकार मान्य केला. कायद्याच्या चौकटीत तो निकाल बसतही असेल. पण ज्या गोपनीयतेच्या आड एक मूल सात वर्षं त्याच घरात राहतं, तिला पवित्र म्हणायला माझं मन तयार नाही.

उलट टोकाचं प्रकरणही आहे. ऑरेगनमध्ये पदाधिकाऱ्यांनी एका पुरुषाची अशीच कबुली अधिकाऱ्यांना कळवली, तो तुरुंगात गेला, आणि २०२० मध्ये त्याच्या बायकोनं चर्चवर सुमारे ९५ लाख डॉलरचा दावा लावला. युटानं २०२४ मध्ये कायदा करून खबर देणाऱ्या धर्मगुरूला अशा दाव्यांपासून संरक्षण दिलं. वॉशिंग्टन राज्यानं २०२५ मध्ये धर्मगुरूंची सूटच काढून टाकली, पण कॅथलिक बिशपांच्या अर्जावरून संघराज्य न्यायालयानं त्या कायद्याला पापनिवेदनापुरता लगाम घातला.

भारतात चित्र वेगळं आहे, आणि इथल्या सदस्यांनी ते नीट समजून घ्यायला हवं. या पंथाचे मिशनरी १८५० च्या दशकात मुंबई-पुण्यापर्यंत आले होते. आज हैदराबादेत २०१२ पासून स्टेक आहे. आपल्या साक्षीच्या कायद्यात वकील-अशील आणि पती-पत्नी यांच्यातल्या संवादाला संरक्षण आहे, धर्मगुरूंना तसं वेगळं कलम नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ ‘कोणत्याही व्यक्ती’वर खबर देण्याचं बंधन घालतं. न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात बिशप, फादर, महाराज, मौलवी कुणालाच सूट नाही.

मुलांच्या मुलाखतींबद्दलही जुनी कल्पना अजून टिकून आहे. बंद दाराआड एकटा बिशप आणि किशोरवयीन मूल, हे चित्र २०१८ पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. त्या वर्षी ह्यूस्टनचे माजी बिशप सॅम यंग यांनी खासगी लैंगिक प्रश्न विचारण्याविरुद्ध सॉल्ट लेक सिटीत मोर्चा काढला. मुलानं मागितल्यास पालक किंवा दुसरी मोठी व्यक्ती सोबत बसू शकते, असा नियम मार्चमध्ये झाला, आणि सप्टेंबरमध्ये यंग यांनाच बहिष्कृत करण्यात आलं. नियम मात्र राहिला. अडचण एवढीच, की मागायचं मुलानं आहे. तेव्हा हा हक्क असल्याचं घरातच त्याला सांगून ठेवायला हवं.

शेवटचा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो: अत्याचार सोसणाऱ्यानंही काहीतरी कबूल करायचं असतं. अत्याचाराला बळी पडलेल्याचा दोष नाही, त्यानं पश्चात्ताप करण्याचा प्रश्नच येत नाही, असं चर्चची शिकवणही सांगते. तरीही चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लैंगिक हल्ल्याची तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचीच आचारसंहितेखाली चौकशी होत असे. विद्यार्थिनी उघडपणे बोलू लागल्यावर २०१६ मध्ये विद्यापीठानं अशा तक्रारदारांना अभय देण्याचं मान्य केलं.

बिशपकडे जाणाऱ्यानं बोलायला सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे तुम्ही कुणाला सांगाल, कायद्यानं तुम्हाला काय कळवावं लागेल, आणि माझ्या नोंदीत काय राहील. असे प्रश्न विचारण्यात अश्रद्धा नाही. चांगला बिशप त्यांची उत्तरं सरळ देईल. आणि विषय मुलाच्या सुरक्षिततेचा असेल, तर बिशपच्या भेटीची वाट पाहू नये. भारतात चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.