गळाला लागलेला मासा खावा का?

सुट्टीला निपाणीत आलो की मी गळ घेऊन यमगर्णीजवळ वेदगंगेवर जातो. मासा घेऊन आलो की आई आधी विचारते, "कुठल्या पाण्यातला?" तिचं विचारणं रास्त आहे.

आपल्या भागाला हा धडा पंचगंगेने दिला. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी मिसळली की शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो. हीच नदी नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते.

मळी कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपतो. लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम असेल तर मासा सुखात राहतो. २ च्या खाली गेला की तडफडत वर येतो. मग बुट्ट्या घेऊन लोकांची झुंबड उडते. हे फुकटचे मासे खाऊ नयेत. रश्शात उकळून जंतू मरतात. पारा, शिसे मात्र तसेच राहतात. जपानमधील मिनामाटाचा १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार कारखान्याच्या पाऱ्याने दूषित झालेले मासे खाऊनच झाला होता.

म्हणून गळ टाकण्याआधी वरच्या अंगाला नाला मिळतो का, ते पाहा. पाण्याला वास किंवा फेस असेल तर गळ गुंडाळा. मासा साफ करताना कल्ले, आतडी, काळीज टाकून द्या. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या ताटाची जास्त काळजी घ्या. मासे तरंगताना दिसले तर लगेच प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. पाणी वाहून गेल्यावर नमुना कशाचा घेणार?