पंपाविना थंड होणारी अणुभट्टी

अणुभट्टी बंद केली म्हणजे ती थंड झाली असे होत नाही. नियंत्रक दांडे गाभ्यात उतरताच विखंडनाची साखळी थांबते, परंतु आधी तयार झालेली किरणोत्सारी द्रव्ये क्षय पावतच राहतात आणि त्यांची उष्णता, म्हणजेच क्षयउष्णता, प्रारंभी पूर्ण उष्णताशक्तीच्या सुमारे 6 टक्के, तर दिवसभराने सुमारे अर्धा टक्का असते. 200 मेगावॉट वीज देणाऱ्या लहान भट्टीत सुमारे 600 मेगावॉट उष्णता निर्माण होत असल्याने दुसऱ्या दिवशीही 3 मेगावॉट बाहेर काढावेच लागतात. ती उष्णता पाणी उकळून घालवायची तर दिवसाला सुमारे एक लाख लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे दहा टँकर, पाणी लागेल.

हे पाणी फिरवणारा पंप विजेवर चालतो आणि अपघातात नेमकी वीजच जाते, म्हणून निष्क्रिय शीतनात पंपाऐवजी गुरुत्वाकर्षणावर भिस्त ठेवतात. 1969 पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत ही सोय आहे: वाफ हलकी म्हणून वर चढते, उंचावरील टाकीतल्या नळ्यांत थंड होऊन तिचे पाणी होते आणि ते स्वतःच्या वजनाने पुन्हा भट्टीत उतरते. भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियमसाठी आखलेल्या प्रगत जड पाणी अणुभट्टीत तर माथ्यावर 8,000 घनमीटरचा जलसाठाच कल्पिला आहे.

मात्र ‘निष्क्रिय’ म्हणजे बिनधोक नव्हे. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतही तारापूरसारखाच वाफ थंड करणारा कंडेन्सर होता; 11 मार्च 2011 रोजी त्सुनामीने बॅटऱ्या निकामी केल्या, त्याच्या झडपा बहुतांश बंद राहिल्या आणि टाकीत पाणी असूनही गाभा वितळला.

लहान भट्टीत क्षयउष्णताच कमी असल्यामुळे मर्यादित साठा अधिक काळ पुरतो, हा तिचा खरा फायदा. तिचे सुटे भाग कारखान्यात जोडण्याचा फायदा खर्चाचा आहे, सुरक्षेचा नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात केंद्राने अशा भट्ट्यांसाठी 20 हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली असून 2033 पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट आहे. 200 मेगावॉट वर्गातील पहिली भट्टी तारापूरलाच प्रस्तावित आहे. अशा भट्टीची जाहिरात वाचताना, माथ्यावरील पाणी किती दिवस पुरेल आणि वीज नसताना झडप कशाने उघडेल, हे दोन प्रश्न वाचकाने अवश्य विचारावेत.