नव्या वसाहतींतील रस्ता कोणाचा?

सदाशिव पेठेंतील वाड्यांतलें बिऱ्हाड मोडून आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडील एका नव्या वसाहतींत चिरंजीवांकडे राहावयास आलों, त्यास या चैत्रांत तीन वर्षें झालीं. जागा उत्तम आहे. उजेड भरपूर, वारा मुबलक, नळाला चोवीस तास पाणी (तें टँकरच्या कृपेनें, पण तें असो). अशा ठिकाणीं येऊन कुरकुर करणें म्हणजे पोटभर जेवून मीठ कमी होतें म्हणण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु आम्ही सांगणार आहों ती गोष्ट मिठाची नाहीं, रस्त्याची आहे. आणि पुणें, ठाणें, नाशिक येथें जीं शेंकडों मध्यम स्थितींतील कुटुंबें अशा वसाहतींतून बिऱ्हाडें थाटीत आहेत त्यांच्या दारापुढची आहे. म्हणून ती येथें मांडीत आहों.

गेल्या श्रावणांतली गोष्ट. रात्रीं सव्वादोनच्या सुमारास पलीकडच्या इमारतींतील एका आजीबाईंच्या छातींत कळा येऊं लागल्या. त्यांच्या मुलानें १०८ क्रमांकावर फोन केला आणि वीसएक मिनिटांत रुग्णवाहिका वसाहतीच्या फाटकाशीं येऊन पोंचलीहि. फाटकापासून त्या इमारतीचा जिना दीडशें पावलें. तेवढेंच अंतर तिला तोडतां येईना. रस्ता जेथें डावीकडे वळतो तेथें दोन्ही अंगांना मोटारी उभ्या होत्या, आणि अगदीं वळणाच्या तोंडावर एक पांढरी मोटार अशी लाविली होती कीं, रुग्णवाहिकेचें पुढचें चाक वळेना. वॉचमन बिचारा गाडीचा क्रमांक घेऊन वहींत मालकाचें नांव शोधूं लागला. अखेर आजीबाईंना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चींत बसवून चौघांनीं उचललें व भर पावसांतून वाहनापर्यंत नेलें. आजीबाई वांचल्या. इस्पितळांतील डॉक्टरांनीं त्यांच्या मुलास एवढेंच विचारलें, कीं मध्यें इतका वेळ कां गेला?

ती पांढरी मोटार आमच्या घरची होती.

हें लिहितांना लेखणी अडखळते. कारण त्यापूर्वीं वर्षभर, वाटेल तेथें गाड्या लावणाऱ्या शेजाऱ्यांविरुद्ध सुवाच्य अक्षरांत तीन अर्ज करणारे गृहस्थ आम्हीच. त्या रात्रीं चिरंजीव कामावरून साडेअकराला परतले. त्यांच्या नेमलेल्या जागेंत तिसऱ्याच कोणाची गाडी होती. ती कोणाची हें शोधण्याचें त्राण नव्हतें, बाहेर पाऊस धोधो पडत होता. सकाळीं काढूं, असें म्हणून त्यांनीं वळणावर गाडी लाविली आणि ते वर येऊन निजले. ज्यांनीं चिरंजीवांची जागा घेतली त्यांची जागा आणखी कोणी घेतली होती. अशी ती साखळी कोठवर जात होती तें आम्ही पुढें शोधून पाहिलें. चौथ्या कडीपाशीं ती एका पाहुण्यापर्यंत पोंचली, आणि तो तर पहांटेस नाशिकला निघून गेला होता.

वाड्यांत अशी गोष्ट घडती ना, असें आम्ही म्हणणार नाहीं. वाड्यांतहि भांडणें होतीं, आणि तीं चांगलीं खणखणीत होतीं. आमच्या वाड्यांत अकरा बिऱ्हाडें. बोळांत सायकली, चौकांत एक नळ. पण बोळांत सायकल आडवी लाविली तर ती कोणाची हें अकराहि घरांना ठाऊक असे, आणि मालकीणबाई माडीवरून नांव घेऊन हांक मारीत. बोळ कोणाचा, हा प्रश्न तेथें उद्भवतच नसे. नव्या वसाहतींत नेमका हाच प्रश्न अनुत्तरित आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें सर्व दुखण्याचें मूळ तेथेंच आहे. लोक म्हणतात गाड्या फार झाल्या. झाल्या आहेत खऱ्या. परंतु ज्या रस्त्याला धनी नाहीं त्यावर दोन गाड्या असल्या तरी त्या वाटेंतच उभ्या राहतील.

त्या रात्रीनंतर आम्ही टेप घेऊन रस्ता मापला. नकाशांत तो नऊ मीटर आहे. मोटार उभी केली म्हणजे आरशांसकट सुमारें दोन मीटर रुंदी व्यापते. दोन्ही बाजूंस लाविल्या तर मध्यें उरतात पांच. अग्निशामक बंबाला उंच इमारतीभोंवतीं निदान सहा मीटर मोकळी वाट हवी, असा इमारतींच्या सुरक्षिततेचा नियम आहे. म्हणजे एकाच अंगाला गाड्या लाविल्या तर सात मीटर उरून बंब जातो. दोन्ही अंगांना लाविल्या तर जात नाहीं. सारा तंटा या एका वजाबाकीचा आहे, आणि ती चौथीच्या मुलालाहि येते. वळणावर तर कचऱ्याची खोली व विजेची पेटी यांनीं आधींच जागा खाल्लेली. तेथें फितींत पावणेसातच मीटर भरले.

ही वजाबाकी घेऊन आम्ही तीन दारें फिरलों. पालिकेच्या कचेरींत सांगण्यांत आलें कीं, हा वसाहतीचा आंतला रस्ता आहे, तो आमच्या ताब्यांत नाहीं. रहदारीच्या पोलिसांचें उत्तर असें कीं, फाटकाच्या आंत आमचा संबंध नाहीं. ज्यांनीं वसाहत बांधली त्या कंपनीच्या माणसानें चहा पाजून गोड शब्दांत सांगितलें, कीं सोसायटी स्थापन झाली म्हणजे तुमचें तुम्ही पाहा. सोसायटी कधीं स्थापन होणार? तर चौथी इमारत पुरी झाली म्हणजे. चौथ्या इमारतीचा सांगाडा दोन पावसाळे तसाच भिजत उभा होता.

येथें कायदा काय म्हणतो हें वाचकांनीं समजून घेण्यासारखें आहे. आम्हांसहि तें साठी उलटल्यावर कळलें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं, ज्यास लोक 'रेरा' म्हणतात, निम्म्याहून अधिक जागांची नोंदणी झाली कीं तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था स्थापन करण्याची खटपट बिल्डरनेंच करावयाची असते. शेवटची वीट बसेपर्यंत थांबण्याचें त्यांत कांहीं नाहीं. जमीन व रस्ते संस्थेच्या नांवावर करून देणें ही पुढची पायरी. अनेक इमारतींच्या वसाहतींत ती वर्षानुवर्षें रेंगाळते. आणि बिल्डर टाळाटाळच करूं लागला तर २००८ सालच्या दुरुस्तीनें 'मानीव अभिहस्तांतरण' नांवाचा मार्ग मोकळा करून ठेविला आहे. नांव उच्चारण्यास अवघड आहे खरें, पण मार्ग चालण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट पार्किंगच्या विक्रीची. उघड्या अंगणांत चुन्याची चौकट आंखून ती लाखांनीं विकण्याची चाल सर्वत्र पडली. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालींच, महाराष्ट्रांतील १९६३ च्या सदनिका कायद्याचा अर्थ लावतांना, निर्णय दिला कीं उघडी जागा किंवा इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला वेगळी विकतां येत नाहीं. रेरानेंहि उघडी जागा सामाईकच ठरविली आहे. विकतां येतें तें छप्पर असलेलें पार्किंग. आमच्या वसाहतींत तरीहि कित्येकांनीं उघड्या चौकटीचे पैसे मोजले आहेत. पावती कसली, तर 'इतर सुविधा' अशी. सोसायटी झाली तर आपली चौकट जाईल या भीतीनें हेच लोक सोसायटीस अडून बसले होते. त्यांना दोष देणें सोपें आहे. परंतु पेन्शनीचे पैसे देऊन घेतलेली वस्तु ही वस्तुच नव्हे, असें कोणी सांगितलें तर आपणांस तरी पटेल काय?

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, तेव्हां संवयीनें जुन्या पोथ्यांकडे वळलों. १९०५ सालीं म्हैसुरास श्यामशास्त्री यांच्या हातीं लागलेलें कौटिल्याचें अर्थशास्त्र राजकारणासाठीं सर्वांच्या तोंडीं असतें. पण त्यांतील गृहबांधणीचें व रस्त्यांचें प्रकरण फारसें कोणी उघडीत नाहीं. त्यांत गल्लीची रुंदी चार दंड, म्हणजे सुमारें चोवीस फूट सांगितली आहे. माणसांची व शेळ्यामेंढ्यांची वाट अडविणाऱ्यास बारा पणांचा दंड, मोठ्या जनावरांच्या वाटेसाठीं दुप्पट. रस्त्यावर केर टाकल्यास पणाचा आठवा भाग, चिखलपाण्यानें वाट अडविल्यास चतुर्थांश. आम्हांस याहूनहि एक साधें विधान अधिक मोलाचें वाटलें. भिंती, गटारें, खिडक्या यांचे बारीकसारीक नियम सांगून झाल्यावर तो आचार्य म्हणतो कीं, घरमालकांनीं एकत्र जमून आपसांत हवें तसें ठरवावें, जें नको तेवढें टाळावें. राजाचा दंड उगारून झाल्यावरहि शेजाऱ्यांच्या बैठकीस त्यानें जागा ठेविली आहे.

आणि इकडे मुंबईंतले आपलेच जुने दाखले पाहा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या सुधार मंडळानें दादर-माटुंग्यास आधीं रस्ते आंखले, मग घरांस जागा दिल्या. गांवदेवीस १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली, तेव्हां आधीं माणसें एकत्र आलीं, मग घरें झालीं. आतां क्रम उलटला आहे: आधीं घर, मग रस्ता, सर्वांशेवटीं शेजार.

वाहनांखेरीज इतरहि उपद्रव आहेत. त्यांचा पाढा आम्ही वाचणार नाहीं. टँकर पहांटे पांचाला मागें सरकतांना गाणें वाजवितो. जिना न चढतां खालून भोंगा वाजवून बायकोस बोलावणारे सुशिक्षित गृहस्थ आहेत. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ही शांततेची वेळ, आणि राहत्या वस्तींत त्या वेळीं आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, असा २००० सालापासून नियम आहे. हळदीच्या रात्रीं तो कोणाला आठवत नाहीं. जेवणाचे डबे पोंचविणारीं पोरें उलट बाजूनें गाडी दामटतात म्हणून त्यांच्यावर आम्ही सारे ओरडतों. दहा मिनिटांत डबा हवा, हा हट्ट मात्र आमचाच असतो.

सभा भरली ती भाद्रपदांत, गणपतीच्या मांडवांत. (मांडव कोठें होता? त्याच रस्त्यांत.) शंभराहून अधिक माणसें आलीं. पहिली पंधरा मिनिटें जो तो दुसऱ्याच्या गाडीविषयीं बोलला. मग आम्ही उठलों व ती पांढरी मोटार आमची, हें सांगून टाकलें. चिरंजीव खालीं मान घालून बसले होते; त्यांना न विचारतां आम्ही बोललों, याचा राग त्यांस अजून आहे. मांडव गप्प झाला. तेव्हां पुढच्या खुर्चींतून त्याच आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, त्या रात्रीं माझ्यावर छत्री धरून फाटकापर्यंत कोण आलें होतें ठाऊक आहे का? तुमची सून. नवरा किल्ली शोधीत होता आणि ही पोर अनवाणी धांवत आली होती." आम्हांस हें खरोखरच ठाऊक नव्हतें. सूनबाईंनीं घरीं त्याचा उच्चारहि केला नव्हता.

त्यानंतर बोलणें सरळ झालें. रस्त्याच्या एकाच अंगाला गाड्या लावाव्या, वळणाच्या दोन्ही बाजूंस वीस वीस फूट पिवळा पट्टा ओढून तेथें कोणीहि, अगदीं पांच मिनिटेंहि, गाडी उभी करूं नये, असें ठरलें. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर. उघड्या जागा कमी आणि मागणारे अधिक, तेव्हां दर वर्षीं चिठ्ठ्या टाकाव्या. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींतहि हाच तोडगा आहे. चौकटींचे पैसे दिलेल्या मंडळींशीं मात्र दोन आठवडे वाद चालला. अखेर त्यांच्या पैशांची मागणी त्यांनीं बिल्डरकडे एकत्रितपणें करावी, व तिला सर्व वसाहतीनें पाठिंबा द्यावा, यावर मिटलें. एक गृहस्थ अजून सही करीत नाहींत. सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज उपनिबंधकांकडे गेला आहे. रस्ता नांवावर होण्यास किती दिवस लागतील तें पाहूं.

चिठ्ठींत चिरंजीवांस सर्वांत लांबची जागा आली, सांडपाण्याच्या टाकीलगतची. नाकास रुमाल लावून ते येतात. पिवळा पट्टा एका पावसाळ्यांतच पुसट झाला. तो पुन्हां रंगविण्यासाठीं घरटीं पन्नास रुपये वर्गणी धरली आहे. एकशें बत्तीस घरांपैकीं एक्याण्णव घरांची आली. उरलेल्यांकडे आम्ही रोज संध्याकाळीं वही घेऊन जातों.