खुंटा, दावं आणि सदतीस अंश

कोमट पाण्यात लातूरच्या बाजारातला चमचाभर गूळ विरघळवायचा, त्यावर पावाचं यीस्ट भुरभुरायचं. दहा-पंधरा मिनिटांत फेस वर येतो. पाणी जास्त तापलं असेल तर मात्र दाणे तळाला बसून राहतात, पुढे काहीच घडत नाही. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आंबताना टाकी आपली आपणच तापते, म्हणून ती सारखी गार करत राहावी लागते. यीस्टला ताप सोसत नाही, ही डिस्टिलरीची डोकेदुखी. प्रयोगशाळेत त्याच दुबळेपणाचं हत्यार झालं.

त्या हत्यारानं सापडलेलं एक जनुक म्हणजे जीपीआय-१. यीस्टच्या सुमारे ६००० जनुकांपैकी एक. प्रथिनांना पेशीच्या आवरणाला बांधून ठेवण्याच्या व्यवस्थेतलं. अशा बंधनाला शास्त्रात अँकर म्हणतात. मराठीत अँकर म्हणजे नांगर खरा, पण मराठवाड्यात नांगर म्हटल्यावर जहाज कुणाला दिसणार? म्हणून मी गोठ्यातला खुंटा आणि दावं घेतो.

पेशीचं आवरण म्हणजे स्निग्धाचा दुपदरी थर, हे सिंगर आणि निकोल्सन यांचं १९७२चं चित्र लातूर पॅटर्नची पोरं झोपेतही सांगतील. त्या चित्रातली बरीच प्रथिनं थरात आरपार रुतलेली असतात. काहींना मात्र रुतायला पायच नसतात. त्यांच्यासाठी थरात स्निग्धाचा खुंटा ठोकलेला असतो. खुंट्याला साखरेच्या कड्यांचं दावं, आणि दाव्याच्या टोकाला बांधलेलं प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला. दाव्यातल्या मॅनोज साखरेची तीन कडी माणसाच्या पेशीला पुरतात, यीस्टला चौथं लागतंच. दावं आधीच वळून तयार असतं. प्रथिन आलं की त्याची शेपटी कापायची आणि तिथेच गाठ मारायची. यीस्टमध्ये अशी साठेक प्रथिनं आहेत, आणि त्यातली बरीचशी पुढे पेशीभित्तीच्या बांधकामात लागतात.

दावं वळायची सुरुवात म्हणजे खुंट्यावर साखरेचं पहिलं कडं बसवणं. यीस्टमध्ये हे काम सहा प्रथिनांची टोळी करते. जीपीआय-१ त्या टोळीतलं.

ते सापडलं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पीटर ऑर्लीन यांच्या गटानं बिघाड झालेल्या यीस्टच्या ढिगभर वसाहती वाढवल्या आणि त्यांना किरणोत्सारी इनॉसिटॉल खाऊ घातलं. इनॉसिटॉल हा खुंट्याचाच एक भाग. त्यामुळे ज्या वसाहतीत प्रथिनं खुंट्याला बांधली जात होती, तिचा फोटोच्या फिल्मवर काळा ठिपका उमटला. ठिपका फिका, तर दाव्यात खोट. पण अडचण अशी की दावं अजिबातच नसलं तर यीस्ट मरतं, आणि मेलेल्याचा अभ्यास काय करणार? म्हणून त्यांनी २५ अंशांना वाढणारे आणि ३७ अंशांना अडणारे वाण निवडले. गारव्यात जगवायचे, उष्णता वाढवून बिघाड उघडा पाडायचा. १९९४ साली हे छापून आलं. ज्यांच्यात जीपीआय-१ मोडलेलं असतं, त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, फुगलेल्या दिसतात. अंगावर एकाहून जास्त कळ्या. लेकी आईला सोडून वेगळ्या होत नाहीत.

१९९८मध्ये माणसाचं आणि उंदराचं याच जातीचं जनुक अशा यीस्टमध्ये घातलं, तर दावं पुन्हा वळलं जाऊ लागलं. यीस्ट आणि आपण इतके सख्खे. याच टोळीतल्या दुसऱ्या एका जनुकाचं मानवी रूप बिघडलं, की तांबड्या पेशींवरची रक्षक प्रथिनं सुटून जातात. मग शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था त्या पेशी फोडते आणि सकाळची लघवी काळपट लाल होते. जपानचे तारो किनोशिता यांच्या गटानं १९९३मध्ये ते जनुक दाखवून दिलं.

हे सगळं नांदेड-लातूरला कशाला, असं कुणी विचारील. २०२१ आठवावं. कोरोनातून उठलेल्यांना काळ्या बुरशीनं गाठलं आणि अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. यीस्ट हीसुद्धा बुरशीच. बुरशी मारायची औषधं मुळात मोजकी, कारण बुरशीच्या पेशी आपल्या पेशींसारख्याच. म्हणून बुरशीचं दावं तोडून आपलं शाबूत ठेवणारं औषध हवं होतं. जपानच्या एसाई कंपनीनं २००३मध्ये यीस्टमधलं जीडब्ल्यूटी-१ हे याच वाटेवरचं जनुक पकडलं. त्यातून पुढे फॉसमॅनोजेपिक्स माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं. आपल्याकडे दिल्लीच्या जेएनयूत स्नेहा सुधा कोमथ यांचा गट कँडिडा बुरशीतल्या नेमक्या त्या पहिल्या कड्यावर काम करतो.

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही १९९४चंच, १७ सप्टेंबरचं. विष्णुपुरीच्या त्या परिसरात मे महिन्यात उभं राहिलं की ऑर्लीन यांच्या प्रयोगाचं एक गणित उलटं होतं. तिकडे यीस्टला अडवायला उबवणपेटी ३७ अंशांपर्यंत तापवावी लागली. इथे ३७ दाराबाहेर फुकट मिळतं. वीज लागते ती २५ राखायला.