सहसंवेदन व भावविकार

एका ज्ञानेंद्रियाच्या उद्दीपनाबरोबर दुसऱ्या प्रकारचे संवेदनही आपोआप जागृत होण्यास सहसंवेदन म्हणतात. उदा., स्वर ऐकताच रंग दिसणे अथवा काळ्या शाईने छापलेल्या अक्षरास ठराविक रंग असल्याचा प्रत्यय येणे. हा अनुभव बहुधा बालपणापासून असतो, इच्छेने टाळता येत नाही आणि वर्षानुवर्षे जवळजवळ तसाच राहतो. ‘गोड आवाज’ हा वाक्प्रचार किंवा भरताच्या नाट्यशास्त्रातील रसांचे वर्ण (शृंगाराचा श्याम, करुणाचा कपोत) हे मात्र भाषिक वा सांस्कृतिक संकेत होत.

गेओर्ख झाक्स याने १८१२ मध्ये स्वतःच्या अशा अनुभवाचे वर्णन केले. १८८० मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी या विषयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत त्याचे प्रमाण सु. ४ टक्के आढळले. ते एकाच कुटुंबातील अनेकांत आढळत असल्याने त्यास आनुवंशिक आधार असावा, असे मानतात.

अवसाद व द्विध्रुवी विकार (उद्दीपन-अवसाद विकृती) हे प्रमुख भावविकार होत. सहसंवेदनामुळे ते उद्‌भवतात, असे सिद्ध झालेले नाही. २०१९ मधील एका व्यापक पाहणीत अक्षर-रंग सहसंवेदन असणाऱ्यांत चिंताविकार तुलनेने अधिक आढळला. परंतु चिंताविकाराची गणना भावविकारांत होत नाही, शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. उलट दिशेचा प्रभाव मात्र संभवतो : मनःस्थितीनुसार सहसंवेदित रंगांच्या छटांत फरक पडतो, असे काही अभ्यासांत दिसून आले आहे. मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य दोहोंशी निगडित असावे, असाही एक तर्क आहे. तो प्रामुख्याने औषधांच्या परिणामांविषयीच्या तुरळक निवेदनांवर आधारलेला आहे.

या भेदास व्यावहारिक महत्त्व आहे. तीव्र अवसादात वा उन्मादात निर्वस्तुभ्रम होऊ शकतात. ‘मला आवाजाचा रंग दिसतो’ हे रुग्णाचे विधान निर्वस्तुभ्रम समजले गेल्यास अनावश्यक औषधोपचार होण्याचा, तर घरच्यांनी ते बाधा मानल्यास योग्य उपचार लांबण्याचा धोका असतो. सहसंवेदनाला प्रत्यक्ष उद्दीपक असतो, निर्वस्तुभ्रमाला तो नसतो. म्हणून अनुभव केव्हापासून आहे, तो कशाने जागृत होतो व स्थिर आहे काय, याची विचारपूस आवश्यक ठरते. प्रौढपणी प्रथमच असा अनुभव आल्यास मेंदूविकार वा औषधपरिणाम यांची तपासणी करावी लागते. सहसंवेदन स्वतः विकार नसल्याने त्यास उपचार नको. सोबत अवसाद असल्यास त्यावर मात्र इतरांप्रमाणेच वेळीच उपचार व्हावयास हवेत.